ड्रॉप टाकल्यानंतरची पाच मिनिटं : औषध बुबुळातून आत कसं जाईल

डोळ्यात टाकलेल्या औषधाच्या शंभर भागांपैकी पाच भाग डोळ्याच्या आत पोहोचले, तरी ते चांगलं काम झालं असं नेत्रतज्ज्ञ मानतात. अनेक औषधांच्या बाबतीत तेवढेही पोहोचत नाहीत. बाकीचं औषध गालावर ओघळतं, नाकात उतरतं, घशात कडू लागतं किंवा रक्तात मिसळतं. त्यामुळे काचबिंदूचा दाब उतरत नाही किंवा बुबुळावरची जखम भरत नाही, तेव्हा दर वेळी औषधच कमजोर असतं असं नाही. बऱ्याचदा ते बुबुळावर पुरेसा वेळ थांबलेलंच नसतं.

इथे बुबुळ म्हणजे त्याच्यावरची पारदर्शक काच, कॉर्निया. तिथे जखम भरून पांढरा डाग राहिला की आपण ‘फूल पडलं’ म्हणतो. औषधाला आत जायला मुख्य दरवाजा हाच, आणि तो फार थोडा वेळ उघडा असतो.

आधी थोडा हिशेब करू. डोळ्यात एरवी साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. खालची पापणी ओढून खिसा केला आणि पापणी अजिबात लवली नाही, तर त्यात जास्तीत जास्त ३० मायक्रोलिटर मावतात. एकदा पापणी लवली की त्यातले जेमतेम १० उरतात. बाटलीतून पडणारा एक थेंब मात्र ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, म्हणजे पहिल्याच थेंबाने भांडं भरून वाहतं. ‘एकाऐवजी दोन टाकले तर लवकर बरं होईल’ हा समज घरोघरी आहे, पण दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढण्यापलीकडे फारसं काही करत नाही. पैसे मात्र दुप्पट जातात.

राहिलेल्या औषधालाही निवांतपणा नसतो. दर मिनिटाला अश्रूंचा साधारण सहावा भाग बदलतो. औषध झोंबलं की डोळ्याला पाणी सुटतं आणि हा वेग कितीतरी पट वाढतो. आरशासमोर उभे राहून खालच्या पापणीची नाकाकडची कड जरा बाहेर ओढा. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक दिसेल. तसंच वरच्या पापणीलाही असतं. ही नाकात जाणारी मोरी. पापणी लवली की ती पंपासारखी चालते आणि डोळ्यातलं पाणी आत ओढून घेते. साधं पाण्यासारखं पातळ औषध पाच मिनिटांत जवळपास निघून जातं ते यामुळेच. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे त्याचा रोख एकच आहे : थेंब वाढवायचे नाहीत, ही पाच मिनिटं वाचवायची.

टाकण्याआधी

हात साबणाने धुऊन कोरडे करा. काजळ किंवा सुरमा असेल तर पुसून काढा, कारण त्यातला तेलकट अंश अश्रूंच्या थरात तरंगतो. उन्हातून आला असाल तर चेहऱ्यावरचा घाम आधी साध्या पाण्याने धुवा. कपाळावरचा खारट घाम थेंबाबरोबर डोळ्यात गेला की पाणी सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते. डोळे आधीच पाणावलेले असतील तर दहा मिनिटं थांबा. कांदा चिरून झाल्यावर लगेच, किंवा तर्री-पोहा खाताना नाक-डोळे वाहत असताना ड्रॉप टाकण्यात अर्थ नाही. आधी औषध टाका, मग पोहे खा.

लेन्स वापरत असाल तर काढून ठेवा आणि औषध टाकल्यावर निदान १५ मिनिटांनी परत लावा. मऊ लेन्स औषधातलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेला पदार्थ) शोषून घेते आणि मग तासन्‌तास बुबुळावर सोडत राहते.

आता लेबल वाचा. त्यावर ‘सस्पेन्शन’ लिहिलं असेल तर औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. बाटली ठेवून दिली की साका खाली बसतो. न हलवता टाकलं तर सुरुवातीचे दिवस निव्वळ पाणी पडतं आणि बाटली संपत आली की गडद औषध. प्रेडनिसोलोन ॲसिटेट, नेपाफिनॅक, ब्रिन्झोलामाइड, नॅटामायसिन ही सगळी याच जातीची. बाटली बरेच दिवस उभी असेल तर आधी उलटी करून तळाशी चिकटलेला साका सुटू द्या, मग वीस-पंचवीस वेळा नीट हलवा. दोन झटके देऊन भागत नाही. डायफ्लुप्रेडनेटसारखं ‘इमल्शन’ मात्र एकजीवच असतं, त्याला हलवावं लागत नाही.

टाकताना

दिवाणावर आडवे व्हा किंवा खुर्चीत बसून मान मागे टाका. आडवं होणं जास्त सोयीचं, कारण मान आखडत नाही आणि थेंब चुकत नाही. कूलर सुरू असेल तर त्याच्या झोतापासून बाजूला व्हा.

एका हाताच्या बोटाने खालची पापणी नुसती खाली दाबायची नाही, चिमटीत धरून जराशी पुढे ओढायची. मग डोळा आणि पापणी यांच्यामध्ये खिसा तयार होतो. नजर वर, छताच्या पंख्याकडे. बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर किंवा दुसऱ्या हातावर टेकवा, म्हणजे हात थरथरणार नाही. बाटलीचं टोक डोळ्यापासून एक-दोन सेंटिमीटरवर ठेवा. पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला ते लागू देऊ नका. एकदा लागलं की डोळ्यातले जंतू बाटलीत जातात आणि पुढचा महिनाभर तुम्ही तेच डोळ्यात टाकता.

थेंब खिशात पडला पाहिजे, थेट बुबुळावर नाही. शरीरात सगळ्यात जास्त नसा दाटलेल्या जागांपैकी बुबुळ ही एक. तिथे थेंब आदळला की डोळा आपोआप गच्च मिटतो आणि औषध बाहेर फेकलं जातं. खिशातलं औषध अश्रूंच्या थरातून आपसूक बुबुळावर पसरतं, त्याला ढकलावं लागत नाही.

थेंब पडल्यावर पापणी लगेच सोडू नका. दोन-तीन सेकंद धरून ठेवा, नजर हळूच खाली आणा आणि मग डोळा अलगद मिटा. गच्च आवळू नका, उघडझाप करू नका, चोळू नका. ‘औषध सगळीकडे पसरावं’ म्हणून डोळे फडफडवण्याची सवय अनेकांना असते. त्या प्रत्येक फडफडीने मोरी थोडं थोडं औषध ओढून घेते.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी. डोळा मिटलेला असतानाच तर्जनीचं टोक डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर ठेवा. तिथे हाडाची कड लागते. त्या कडेवर, नाकाच्या दिशेने, हलका पण स्थिर दाब द्या. बोट नाकाच्या मऊ भागावर गेलं तर उपयोग नाही, आणि डोळ्याच्या गोळ्यावर तर दाब अजिबात द्यायचा नाही. घड्याळ लावून दोन-तीन मिनिटं थांबा. जमलं तर पाच. झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की पाच मिनिटं डोळा मिटून ठेवला किंवा हा कोपरा दाबून धरला, तर रक्तात जाणारं औषध ६० टक्क्यांहून जास्त घटतं. शिवाय औषध बुबुळावर जास्त वेळ थांबतं. दोन्ही एकत्र केलं तर उत्तमच.

बोट बरोबर जागी आहे की नाही, याची खूण सोपी आहे : घशात कडू चव आली तर मोरी उघडी राहिली. पुढच्या वेळी बोट जरा वर किंवा आत सरकवा.

नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोपरा दाबू नका. नुसता डोळा अलगद मिटून पडून राहिलात तरी बराच फायदा मिळतो.

डोळा उघडण्याआधी पापणीवर ओघळलेलं औषध स्वच्छ कापसाने किंवा टिश्यूने टिपून घ्या. लॅटानोप्रोस्टसारखी औषधं रोज त्वचेवर राहिली तर पापणीभोवती काळेपणा येतो आणि पापण्यांचे केस वाढतात. दिसायला ते वाईट नसेल, पण एकाच डोळ्याला औषध असेल तर फरक चांगलाच उठून दिसतो.

हात कापत असतील, सांधे दुखत असतील, घरात टाकून द्यायला कोणी नसेल किंवा मूल डोळा उघडतच नसेल, तर दुसरी रीत आहे. सपाट आडवे व्हा, डोळे मिटा, नाकाकडच्या खोलगट कोपऱ्यात एक थेंब ठेवा आणि मग डोळा हळूच उघडा. थेंब आत सरकतो. खिशाच्या रीतीइतकी ही खात्रीची नाही, पण गालावर तीन थेंब सांडण्यापेक्षा कितीतरी बरी. थेंब पडला की नाही हे कळतच नसेल, तर बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून मग टाका, गार थेंब लगेच जाणवतो.

दोन औषधांमधलं अंतर

एकाहून जास्त ड्रॉप असले की घाई होते आणि इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं. सशांवर केलेल्या जुन्या प्रयोगात, पहिल्यानंतर ३० सेकंदांत दुसरा थेंब टाकला तेव्हा पहिल्याचा जवळपास ४५ टक्के परिणाम धुतला गेला. दोन मिनिटांनी टाकला तेव्हा सुमारे १७ टक्के. पाच मिनिटांनी हे नुकसान नगण्य झालं. ‘पाच मिनिटांचं अंतर ठेवा’ हा आकडा डॉक्टरांनी हवेतून काढलेला नाही.

क्रम असा : आधी पाण्यासारखं पातळ औषध, मग सस्पेन्शन, मग जेल, आणि सगळ्यात शेवटी मलम. मलम आधी लावलं तर बुबुळावर तेलाचा पडदा बसतो आणि नंतरचा थेंब त्यावरून घसरतो. शेवटच्या थेंबानंतर दहा मिनिटांनी मलम लावा. डोळ्यात गेल्यावर जेल होणारं टिमोलोल वापरत असाल, तर त्याच्याआधी बाकीची औषधं टाकून निदान दहा मिनिटं जाऊ द्या. ती बाटली टोपण लावलेली असतानाच उलटी करून एकदा हलवायची आणि मगच टाकायची.

उदाहरणार्थ, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, नेपाफिनॅक आणि प्रेडनिसोलोन ॲसिटेट अशी तीन औषधं मिळाली, तर सकाळी ८ वाजता मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, ८.०५ ला नेपाफिनॅक, ८.१० ला प्रेडनिसोलोन. सव्वा आठला मोकळे. मोबाइलमध्ये तीन गजर लावा. ‘मॉक्सी’ आणि ‘प्रेड’च्या बाटल्या अंधारात सारख्याच दिसतात, म्हणून एकीला रबर बँड, दुसरीला दोरा बांधून ठेवा. हा उपाय कोणत्याही ॲपपेक्षा भरवशाचा आहे.

काचबिंदूसाठी दोन-तीन औषधं चालू असतील, तर ती एका बाटलीत मिसळलेली मिळतात का, हे डॉक्टरांना विचारून पाहा. एका थेंबात दोन औषधं आली की धुऊन जाण्याचा प्रश्न मिटतो आणि परिरक्षकाचा मारही निम्मा होतो. मात्र दोन बाटल्यांतली औषधं स्वतःच एकत्र करू नका. पीएच (आम्लता) बदलून औषध साक्यासारखं खाली बसू शकतं.

बुबुळ काय आत घेतं

कॉर्निया मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याचा सगळ्यात वरचा थर, एपिथेलियम, पाच-सहा पेशींचा. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि स्वभावाने तेलकट, म्हणून पाण्यात विरघळणारं औषध इथेच अडतं. त्याखाली स्ट्रोमा, म्हणजे जाडीचा जवळपास नव्वद टक्के भाग. हा पाणीदार, त्यामुळे तेलात विरघळणारं औषध इथे रेंगाळतं. सगळ्यात आत पेशींचा एकच थर. बाहेर तेल, मध्ये पाणी, आत पुन्हा तेल. ज्या औषधाला दोन्हींशी जमवून घेता येतं, तेच पार होतं. रेणूचा आकारही आडवा येतो. टिमोलोल, लॅटानोप्रोस्ट यांसारखे लहान रेणू सरकतात, सायक्लोस्पोरिनसारखा मोठा रेणू मुख्यतः पृष्ठभागावरच काम करतो.

औषधाची रचना ठरवताना औषधशास्त्रज्ञ याच गोष्टीचा फायदा घेतात. डिपिव्हेफ्रिन हे काचबिंदूचं औषध त्याचं जुनं उदाहरण. ॲड्रिनालिनच्या रेणूला दोन तेलकट टोप्या, म्हणजे तेलात विरघळणारे तुकडे, जोडले की ते कॉर्नियातून सुमारे १७ पट जास्त आत जातं, आणि आत गेल्यावर डोळ्यातलीच विकरं त्या टोप्या उतरवतात. म्हणून जिथे ॲड्रिनालिनचं १ ते २ टक्के द्रावण लागायचं, तिथे ०.१ टक्का पुरू लागलं. लॅटानोप्रोस्टही असंच टोपी घालून येतं. एका थेंबात ते फक्त दीड मायक्रोग्रॅम असतं आणि तेवढं पुरतं. डायफ्लुप्रेडनेटचं ०.०५ टक्के इमल्शन दिवसातून चार वेळा टाकलं, तर डोळ्याच्या आतल्या सुजेवर ते १ टक्का प्रेडनिसोलोन ॲसिटेट आठ वेळा टाकल्याइतकं उतरतं. आजारी माणसाला आठाचे चार होणं हा केवढा दिलासा असतो, हे दिवसभर गजर लावून बसलेल्यांनाच कळेल.

यातून घरच्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट निघते : औषधाच्या नावातला दुसरा शब्द वाचा. प्रेडनिसोलोन ‘ॲसिटेट’ आणि प्रेडनिसोलोन ‘फॉस्फेट’ ही एकच औषधं नाहीत. वरचा थर शाबूत असताना ॲसिटेट जास्त आत जातं. फॉस्फेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे ते त्या थरावर अडतं, पण तो थर खरवडलेला असेल तर तेही चांगलं शिरतं. नागपूरच्या इतवारीतलं मोठं दुकान असो की घराशेजारचं मेडिकल, ‘हे संपलंय, हे पण तेच आहे, घ्या’ असं कोणी म्हटलं, तर चिठ्ठीवरचा दुसरा शब्द, टक्केवारी आणि सस्पेन्शन की सोल्युशन हे जुळवून घ्या. जुळत नसेल तर डॉक्टरांना फोन करा.

ड्रॉपची पोच कुठवर, हेही जाणून असलेलं बरं. साधे थेंब डोळ्याच्या पुढच्या भागापर्यंत जातात. मधुमेहामुळे पडद्यावर आलेली सूज किंवा रक्तस्राव यांवर कोणताही बाजारी ड्रॉप पुरत नाही, कितीही नीट टाकला तरी.

बुबुळावर जखम झाल्यावर

विदर्भात हा भाग सोडून चालणार नाही. कापूस, तूर, सोयाबीन किंवा धान काढताना काडी लागते, मळणीयंत्रातून कुटार (भुसा) उडतं, आणि दोन-तीन दिवसांत बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागतो. अशा जखमेत बुरशी असण्याची शक्यता मोठी. नॅटामायसिन ५ टक्के हे धाग्यांच्या बुरशीवरचं पहिल्या पसंतीचं औषध आहे, पण त्याचा रेणू जड आणि पाण्यात न विरघळणारा, त्यामुळे ते खोल शिरायला नाखूश असतं. म्हणून डॉक्टर दिव्याखाली जखमेवरचा मेलेला थर खरवडून काढतात. त्यातून तपासणीला नमुना मिळतो आणि औषधाला वाटही मोकळी होते. हे काम त्यांचंच. घरी पदराने, रुमालाने किंवा जिभेने डोळा साफ करायला जाणं म्हणजे भोक पडण्याला आमंत्रण.

सुरुवातीला हे औषध दर तासाला असतं, पुष्कळदा रात्रीही. बाटली दर वेळी हलवायची. जखमेवर औषधाचा पांढरा थर साचतो, तो पू समजून पुसू नका. जंतूंच्या गंभीर जखमेत डॉक्टर पहिल्या अर्ध्या तासात तेच औषध दर पाच मिनिटांनी आणि मग दर तासाला टाकायला सांगतात. वर सांगितलेल्या अंतराच्या नियमाशी हे विसंगत वाटेल, पण नाही. इथे एकच औषध पुन्हा पुन्हा भरून बुबुळाच्या आतली मात्रा लवकर वर न्यायची असते, दुसरं औषध धुतलं जाण्याची भीतीच नसते. काही रुग्णालयं यासाठी नेहमीपेक्षा तीव्र थेंब ताजे बनवून देतात. ते थोडे दिवसच टिकतात आणि फ्रिजमध्येच ठेवावे लागतात. त्यावर लिहिलेली तारीख उलटली की फेकायचे.

घरातली उरलेली ड्रॉपची बाटली या डोळ्यात टाकू नका. तिच्यात स्टिरॉइड असेल तर दोन दिवस लाली उतरते, दुखणं कमी होतं, आणि तेवढ्यात बुरशी खोल जाते. विदर्भात डोळे जाण्यामागे हे एक नेहमीचं कारण आहे. डोळा लाल, दुखरा, उजेड न सोसणारा, आणि बुबुळावर पांढरं, असं दिसलं की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी नेत्रविभाग आहे.

आत शिरण्याचे आडमार्ग

बेन्झाल्कोनियम क्लोराइड वरच्या थरातले सांधे सैल करतं, म्हणून त्याच्या सोबतीने औषध थोडं जास्त आत जातं हे खरं आहे. पण तो दरवाजा मोडून आत जाण्याचा प्रकार आहे. वर्षानुवर्षं काचबिंदूची औषधं टाकणाऱ्यांचे डोळे कोरडे, लाल आणि खुपणारे होतात, त्यात या परिरक्षकाचा मोठा वाटा असतो. असं झालं तर परिरक्षक नसलेलं औषध मागा. एकदा वापरण्याच्या छोट्या कुप्या असतील तर त्या उघडल्यावर साठवून ठेवू नका.

भूल देणारे थेंब टाकले तर पुढचं औषध झोंबत नाही आणि आतही जास्त जातं. तपासणीच्या वेळी बाहुली मोठी करताना डॉक्टर हे करतात ते त्याचसाठी. पण ही बाटली घरी न्यायची वस्तू नाही. वारंवार टाकली तर बुबुळाचा थर भरून येणं थांबतं आणि डोळा जाऊ शकतो. गुलाबपाणी, मध, आईचं दूध यांनी औषध ‘मुरत’ नाही. त्यातून जंतू मात्र जातात.

नागपूरचा उन्हाळा आणि बाटली

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि बहुतेक बाटल्यांवर ‘२५ अंशांखाली ठेवा’ किंवा ‘३० अंशांखाली ठेवा’ असं छापलेलं असतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वरच्या मजल्यावरची खोलीसुद्धा ही अट पाळत नाही. गाडीच्या डिक्कीत बाटली ठेवून बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दोन तास फिरलात, तर ती भट्टीत ठेवल्यासारखीच. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांवर, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची. उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते, पण उन्हाळ्यात ते २५ अंश आणायचे कुठून? म्हणून एप्रिल ते जून ती उघडल्यावरही फ्रिजमध्येच बरी. भाजीच्या कप्प्यात, डब्यात घालून, उभी ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, गोठलेलं सस्पेन्शन पुन्हा नीट मिसळत नाही. दुकानातून घरी आणतानाही दुपार टाळा, आणि न टाळता आली तर बाटली पिशवीत गुंडाळून, थंड पाण्याच्या बाटलीला टेकवून आणा.

उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. लेबलवर वेगळं काही नसेल तर चार आठवड्यांनी फेका, औषध उरलेलं असलं तरी.

शरीरावरचा परिणाम

नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरातून रक्तात गेलेलं औषध यकृतातून न जाता थेट फिरतं. टिमोलोलमुळे दम्याच्या माणसाला धाप लागू शकते आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. तुम्हाला दमा असेल किंवा ठोके आधीच मंद असतील, तर हे डॉक्टरांना औषध लिहून देण्याआधीच सांगा. ब्रिमोनिडीन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं, ते झोपेत इतकं ओढतं की श्वासही मंद होतो. चष्म्याचा नंबर काढण्यासाठी मुलांना ॲट्रोपिन दिलं असेल, तर कोपरा दाबणं विसरू नका. त्याने घाम येणं थांबतं आणि चेहरा लाल होऊन अंग तापतं, आणि ही तपासणी बरेच जण नेमकी उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवतात. मुलाला दुपारी बाहेर सोडू नका. अंग तापलं, मूल बरळायला लागलं, तर पुढचा थेंब थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.

बाटलीवरून चूक ओळखणं

तुमची पद्धत बरोबर आहे की नाही, ते बाटलीच सांगते. अडीच मिलिलिटरच्या लॅटानोप्रोस्टच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज एक-एक म्हणजे ती जवळपास ४० दिवस पुरायला हवी. २० दिवसांत संपली तर प्रत्येक दुसरा थेंब गालावर जातोय किंवा तुम्ही दोन-दोन टाकताय. ४० दिवसांनंतर अर्धी भरलेली असेल तर रात्री विसरताय. दाब तपासायला जाताना रिकामी बाटली आणि उघडल्याची तारीख सोबत न्या, आणि एकदा डॉक्टरांसमोर किंवा सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने थेंब टाकून दाखवा. बोट चुकीच्या जागी जात असेल तर त्यांना ते अर्ध्या मिनिटात दिसेल.